उतरायला जागा

विमान पळवणाऱ्यापुढे एक अडचण असते आणि तिला पर्याय नसतो. काही तासांत त्याला कुठेतरी उतरावेच लागते. टाकीतले इंधन त्याच्या पिस्तुलाला घाबरत नाही. म्हणून विमानात पाऊल ठेवण्यापूर्वीच त्याने एका प्रश्नाचा विचार केलेला असतो: मी जिथे उतरेन तिथली माणसे माझे काय करतील? बेड्या घालतील, आल्या वाटेने परत पाठवतील, की हारतुरे घेऊन उभी असतील? नागरी विमानांवरच्या हल्ल्यांचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास मला या एका प्रश्नाच्या बदलत गेलेल्या उत्तरांचा इतिहास वाटतो. विमानतळावरची रांग, एक्स-रे मशीनमधून सरकणाऱ्या बॅगा, कमरेचा पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवणे, पाण्याची बाटली नाइलाजाने टाकून देणे, हे सगळे आपल्या डोळ्यांसमोर घडते आणि सुरक्षा म्हणजे हेच असा आपला समज होतो. ते हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण त्यामागे दुसरी एक सुरक्षा आहे. ती दिसत नाही, कारण ती देशादेशांमधल्या करारांच्या कलमांत असते. गुन्हेगाराला जगात कुठेही उतरायला जागा उरू नये, हा तिचा एककलमी कार्यक्रम. विमानप्रवास सुरक्षित होण्याचे श्रेय आपण मशीनला जितके देतो, त्याहून बरेच जास्त या कलमांना द्यायला हवे आणि विमाने जेव्हा असुरक्षित होतात तेव्हा दोषही आधी तिथेच शोधायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

ही कलमे फार जुनी नाहीत. १९६३ च्या टोकियो कराराने विमानातल्या गुन्ह्यांची पहिल्यांदा दखल घेतली. पण अपहरण झालेले विमान वैमानिकाच्या ताब्यात परत द्या आणि प्रवाशांना पुढे जाऊ द्या, एवढेच त्याने देशांना सांगितले. अपहरणकर्त्याचे काय करायचे ते ज्याचे त्याने बघावे. ऑक्टोबर १९७० मध्ये लिथुआनियातल्या एका बाप-लेकाने एरोफ्लोटचे विमान तुर्कस्तानात पळवले. त्यात एकोणीस वर्षांची हवाई सेविका मारली गेली. सोव्हिएत संघाने गुन्हेगार मागितले, तुर्कस्तानने ते दिले नाहीत, आणि पुढे ते दोघे अमेरिकेत पोहोचले. शीतयुद्धाच्या दिवसांत पोलादी पडद्यामागून पळून आलेला माणूस पश्चिमेला आधी निर्वासित दिसे, मग गुन्हेगार. या घटनेनंतर दोनच महिन्यांनी, डिसेंबर १९७० मध्ये, हेगचा करार झाला आणि त्यात ते प्रसिद्ध कर्तव्य आले: आरोपी तुमच्या भूमीवर सापडला तर त्याला मागणाऱ्या देशाच्या हवाली करा, नाही तर तुमच्या न्यायालयात उभा करा. तिसरा रस्ता नाही. पुढच्या वर्षी माँट्रियलच्या कराराने घातपात, बॉम्ब आणि उभ्या विमानाची नासधूस हेही याच चौकटीत आणले. एक फट मात्र राहून गेली. ‘हा राजकीय गुन्हा आहे’ असे म्हणून प्रत्यार्पण नाकारण्याचा मार्ग हेगच्या मसुद्याने बंद केला नव्हता. तो बंद व्हायला २०१० चा बीजिंगचा पूरक मसुदा यावा लागला. चाळीस वर्षे ही फट उघडी राहिली, आणि ती सोयीची असल्यामुळेच उघडी राहिली.

करारांनी खरेच काही फरक पडतो का, याची कसोटी क्यूबाच्या उदाहरणावर लावता येते. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत अमेरिकेत विमान अपहरणाचे सव्वाशेहून अधिक प्रकार झाले आणि त्यातले बहुसंख्य हवानाच्या दिशेने होते. वृत्तपत्रांत त्यावर विनोद छापून येत. जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली. पुढच्याच महिन्यात, एकमेकांशी राजनैतिक संबंध नसलेल्या अमेरिका आणि क्यूबा या दोन वैऱ्यांनी अपहरणकर्त्यांना शिक्षा करण्याचा किंवा परत पाठवण्याचा समझोता केला. त्या वर्षी अपहरणांचा आकडा बोटांवर मोजण्याइतका खाली आला. इथे कोणीही म्हणेल, आणि रास्त म्हणेल, की दोन्ही उपाय एकाच वेळी झाले, तेव्हा श्रेय मशीनचे की कागदाचे हे कसे ठरवणार? उत्तर सात वर्षांनी मिळाले. १९८० च्या उन्हाळ्यात क्यूबातून अमेरिकेत आलेल्या आणि तिथे मन न रमलेल्या निर्वासितांनी विमाने परत हवानाकडे वळवायला सुरुवात केली. तपासणी सक्तीची होतीच; त्यांनी बंदुकीऐवजी बाटलीतून ज्वालाग्राही द्रव नेला. सप्टेंबरमध्ये क्यूबाने दोन अपहरणकर्त्यांना पकडून अमेरिकेच्या हवाली केले, तिथे त्यांना लांबलचक शिक्षा झाल्या, आणि ती लाट ओसरली. मशीन तीच होती. बदलले होते ते उतरल्यावर काय होईल याचे उत्तर. १९८३ मध्ये पुन्हा काही प्रकार झाले, म्हणजे हे औषध एकदा घेतले की रोग कायमचा गेला असे नाही. पण गुण कशाचा आला, हे स्पष्ट आहे.

मात्र १९७३ चा तो समझोता १९८० पर्यंत टिकला नव्हता, आणि तो कशामुळे मोडला ही गोष्ट जास्त बोलकी आहे. ६ ऑक्टोबर १९७६ रोजी क्यूबाचे एक विमान बार्बाडोसहून निघाल्यावर स्फोट होऊन समुद्रात कोसळले. ७३ माणसे गेली. त्यांत क्यूबाच्या तलवारबाजी संघातली तरुण मुले होती. बॉम्ब ठेवणारे कॅस्ट्रोचे विरोधक होते. कॅस्ट्रोने अमेरिकेकडे बोट दाखवून समझोता रद्द केला. या कटाचा सूत्रधार मानला गेलेला लुईस पोसादा कारिलेस व्हेनेझुएलाच्या तुरुंगातून १९८५ मध्ये निसटला आणि २००५ मध्ये अमेरिकेत सापडला. व्हेनेझुएलाने त्याला मागितले. तिथे त्याचा छळ होईल, या कारणावरून अमेरिकी न्यायाधीशाने त्याला तिकडे पाठवायला नकार दिला. ठीक, करारात दुसरा पर्याय होताच, खटला चालवण्याचा. खटला चाललाही, पण विमानातल्या स्फोटाबद्दल नव्हे, तर इमिग्रेशन अधिकाऱ्यांशी खोटे बोलल्याबद्दल. त्यातही तो सुटला आणि २०१८ मध्ये फ्लोरिडात वृद्धापकाळी वारला. ११ सप्टेंबरनंतर दहशतवाद्यांना आसरा देणारा देशही दहशतवादीच, असे जगाला ऐकवणाऱ्या देशातली ही गोष्ट आहे.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखवताना आपल्या घरातही डोकावले पाहिजे. ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे फोकर विमान दोन तरुणांनी लाहोरला नेले. तिथे त्यांचे वीरासारखे स्वागत झाले, प्रवासी परत आले, आणि तिसऱ्या दिवशी विमान धावपट्टीवर जाळण्यात आले. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी घातली. बांगलादेश युद्धाच्या वर्षात पश्चिम पाकिस्तानला पूर्वेकडे जायला श्रीलंकेला वळसा घालावा लागला. हे सगळे आपणच घडवून आणले होते, असा आरोप पाकिस्तानने नंतर केला आणि त्यावर आजही लिहिले जाते. मला इथे त्या वादात शिरायचे नाही. पाकिस्तानने भारताच्या बंदीविरुद्ध आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या मंडळाकडे तक्रार केली. भारताने म्हटले, हा वाद ऐकण्याचा मंडळाला अधिकारच नाही. मंडळाने ते मान्य केले नाही तेव्हा भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आणि ऑगस्ट १९७२ मध्ये तिथेही हरला. शिमला करार होऊन जेमतेम दीड महिना उलटला होता. या निकालाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पुढे त्याचे काय झाले ते शेवटी येईल.

‘गंगा’च्या अपहरणाबद्दल आपण संतापलो ते योग्यच होते. पण जवळजवळ आठ वर्षांनी, डिसेंबर १९७८ मध्ये, लखनौहून दिल्लीला निघालेले विमान काँग्रेसच्या दोन तरुण कार्यकर्त्यांनी वाराणसीला उतरवले. मागणी होती इंदिरा गांधींच्या सुटकेची. हातात खेळण्यातले पिस्तूल होते. कोणाला इजा झाली नाही, पण शंभराहून अधिक प्रवाशांनी ती रात्र पिस्तूल खेळण्यातले आहे हे माहीत नसताना काढली. १९८० मध्ये सत्ता बदलली, दोघांवरचे खटले मागे घेतले गेले, त्यांना पक्षाची तिकिटे मिळाली आणि ते उत्तर प्रदेशच्या विधानसभेत जाऊन बसले. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भाषेत सांगायचे तर त्यांना उतरायला जागा मिळाली, आणि ती थेट सभागृहात. हेगच्या करारात ‘खटला चालवा’ असे म्हटले आहे, ‘खटला दाखल करून सरकार बदलेपर्यंत थांबा’ असे नाही. आपण ही घटना गमतीदार किस्सा म्हणून सांगतो. लाहोरच्या हारतुऱ्यांवर टीका करताना तिची आठवण ठेवायला हरकत नाही. उलट बाजूचे उदाहरणही त्याच काळातले आहे: ऑगस्ट १९८४ मध्ये पळवलेले भारतीय विमान लाहोर-कराचीमार्गे दुबईला पोहोचले तेव्हा अमिरातीने वाटाघाटींनी प्रवासी सोडवले आणि नंतर अपहरणकर्ते भारताच्या स्वाधीन केले. त्याची आठवण आपल्याला नसते, कारण कायदा नीट चालला की गोष्ट संपते.

कंदाहारची गोष्ट संपलेली नाही. २४ डिसेंबर १९९९ ला काठमांडूहून निघालेले आयसी ८१४ अमृतसर, लाहोर, दुबई करत कंदाहारला पोहोचले आणि आठ दिवसांनी मसूद अझहर, ओमर शेख आणि मुश्ताक झरगर यांच्या बदल्यात प्रवासी परत आले. अमृतसरला विमान का रोखले नाही, मंत्री स्वतः कैद्यांना घेऊन का गेले, यावर आपल्याकडे पंचवीस वर्षे चर्चा चालू आहे. तिच्यात एक मुद्दा हरवतो. अफगाणिस्तान हेगच्या कराराचा सदस्य होता. अपहरणकर्त्यांना पकडणे हे त्या भूमीवर राज्य करणाऱ्यांचे कर्तव्य होते. प्रत्यक्षात ते गाडीत बसून निघून गेले. मग शिक्षा कोणाला करायची? याआधी, १९८१ मध्ये, पाकिस्तानचे अपहृत विमान काबूलला गेले तेव्हा सात श्रीमंत देशांच्या गटाने त्या सरकारला जबाबदार धरले होते, आणि ब्रिटन, फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांनी अफगाण विमानसेवेशी असलेले करार मोडले होते. अपहरणकर्त्याला थारा देणाऱ्या देशाशी विमानसंबंध तोडायचे, हा १९७८ साली बॉनमध्ये ठरलेला उपाय होता. १९९९ मध्ये हेच हत्यार तालिबानविरुद्ध उपसता आले नाही, कारण ते आधीच वापरून झाले होते. सुरक्षा परिषदेने ओसामा बिन लादेनच्या मुद्द्यावर तालिबानच्या विमानांवर घातलेली बंदी कंदाहारच्या बरोबर चाळीस दिवस आधी लागू झाली होती. ज्याचे आकाशात काही उरलेलेच नाही त्याला आकाश बंद करण्याची भीती कसली? फक्त तीन देशांनी मान्य केलेल्या राजवटीला बहिष्कृत होण्याची धमकी देऊन उपयोग नव्हता. आंतरराष्ट्रीय कायद्याची ही खरी मर्यादा आहे: ज्याला जगात वावरायचे आहे त्यालाच तो बांधतो.

इथे एक मोठा आक्षेप येतो. ज्याला उतरायचेच नाही, त्याचे काय? विमानासह मरायला निघालेल्या माणसाला प्रत्यार्पणाची कसली धास्ती? वरवर हा आक्षेप बिनतोड आहे. पण नीट पाहिले तर बॉम्ब ठेवणारा बहुतेक वेळा विमानात नसतोच. तो जमिनीवर असतो, आपल्या घरी. २२ जून १९८५ रोजी व्हँकुव्हरच्या विमानतळावर एम. सिंग नावाने एक बॅग चेक-इन झाली. त्या प्रवाशाचे पुढचे आरक्षण पक्के नव्हते, तरी त्याच्या आग्रहावरून ती थेट एअर इंडियाच्या विमानाकडे पाठवण्यात आली. बॅग गेली, प्रवासी चढलाच नाही. टोरांटोला एक्स-रे मशीन मध्येच बंद पडली, मग हाताने फिरवायच्या यंत्रावर काम भागवले गेले. माँट्रियलहून लंडन, दिल्ली करत मुंबईला यायचे असलेले ‘कनिष्क’ दुसऱ्या दिवशी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले आणि ३२९ माणसे गेली. त्याच दिवशी टोकियोच्या नारिता विमानतळावर, एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढवायची बॅग फुटून दोन कामगार ठार झाले. हल्लेखोरांपैकी कोणीही मरायला निघाले नव्हते. कॅनडाच्या गुप्तचरांना संशयितांवर नजर ठेवता आली होती, त्यांचे फोन टेप झाले होते, आणि त्यातल्या अनेक टेप नंतर पुसल्या गेल्या. वीस वर्षांनी, २००५ मध्ये, दोन प्रमुख आरोपी पुराव्याअभावी सुटले; शिक्षा झाली ती बॉम्बचे सुटे भाग जमवणाऱ्या एकट्यालाच. ११ सप्टेंबरचे अपहरणकर्ते मरायलाच चढले होते हे खरे, पण त्यांना पाठवणारे अफगाणिस्तानात सुखरूप होते. आत्मघातकी हल्ल्यातही सूत्रधाराला जागा लागते. २०१० च्या बीजिंग कराराने आणि त्याच वर्षीच्या पूरक मसुद्याने हल्ला आखणाऱ्याला आणि तो करवून घेणाऱ्याला स्वतंत्र गुन्हेगार ठरवले, ते याच अनुभवातून.

कायदा पुरेसा नाही, खरे संरक्षण तपासणीतच, असे म्हणणाऱ्यांनी ‘कनिष्क’नंतर काय झाले ते पाहावे. ज्याचा मालक विमानात नाही ती बॅगही विमानात नको, हा धडा इतका उघड होता की आयकाओने आपल्या सतराव्या परिशिष्टात, म्हणजे सुरक्षेच्या नियमपुस्तकात, तसा बदल केला. साडेतीन वर्षांनी, डिसेंबर १९८८ मध्ये, लॉकर्बीवर पॅन ॲमचे विमान फुटून २७० माणसे मेली. न्यायालयाच्या निष्कर्षाप्रमाणे बॉम्ब माल्टाहून निघालेल्या, मालक सोबत नसलेल्या बॅगेतून फ्रँकफर्टमार्गे आला होता. दुसऱ्या विमानातून आलेल्या बॅगांचा प्रवाशांशी मेळ घालण्याऐवजी तिथे नुसता एक्स-रे काढला जात होता. नियम होता, तो पाळला जात नव्हता. मेळ घालायचा तर विमान खोळंबते आणि खोळंब्याचे पैसे लागतात. त्याआधी सप्टेंबर १९८६ मध्ये मुंबईहून निघालेले पॅन ॲम ७३ कराचीला थांबले असताना हल्लेखोर सुरक्षारक्षकांच्या गणवेशात गाडीतून थेट विमानापाशी आले. मुंबईच्या सहार विमानतळावर प्रत्येक प्रवाशाची कितीही काटेकोर झडती घेतली असती तरी त्याचा काडीचा उपयोग नव्हता. हवाई सेविका नीरजा भनोत आणि तिच्या सहकाऱ्यांच्या प्रसंगावधानाने बहुतेक प्रवासी वाचले. तपासणीचा एक दोषच असा की ती कालच्या हल्ल्याला आज अडवते. ११ सप्टेंबरनंतर कॉकपिटचे दार आतून बंद होणारे आणि अभेद्य केले. २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने तेच दार आतून लावून घेतले आणि १५० जणांसह विमान डोंगरावर नेऊन आदळले. आपल्याकडे हातातल्या बॅगेच्या टॅगवर शिक्का मारण्याची पद्धत कित्येक वर्षे चालली आणि मग एके दिवशी ती नको ठरली. त्या शिक्क्याने नेमके काय अडवले हे मला अजून उमगलेले नाही. याचा अर्थ तपासणी सैल करा असा नाही. २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात करून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने विमानतळ ताब्यात घेतले, ते आवश्यकच होते. पण दाराशी पहारा बसवून चोराच्या घरचा पत्ता विसरायचा, असे होऊ नये.

चोराच्या घरचा पत्ता एखादे सरकारच असेल तर? लॉकर्बीच्या प्रकरणात हा पेच उघडा पडला. ब्रिटन आणि अमेरिकेने दोन लिबियन नागरिक मागितले. लिबियाने माँट्रियलच्या कराराचे तेच वाक्य पुढे केले: हवाली करा किंवा खटला चालवा, आम्ही आमच्याकडे चालवू. मार्च १९९२ मध्ये लिबियाच फिर्यादी होऊन हेगच्या न्यायालयात गेला. शब्दशः पाहिले तर त्याचे चुकत नव्हते. पण आपल्याच हेरांवर खटला चालवणाऱ्या सरकारवर विश्वास कोण ठेवणार? सुरक्षा परिषदेने त्याच महिन्याच्या शेवटी लिबियाची विमानसेवा बंद पाडणारा ठराव केला आणि कराराच्या कलमाला बगल दिली. यातून असा निष्कर्ष काढला जातो की शेवटी बळी तो कान पिळी, बाकी कायदा ही शोभा. मला तो अर्धाच पटतो. बळाने लिबियाला कोंडले हे खरे, पण कोंडी फुटली ती कायद्याने शोधलेल्या वाटेने: नेदरलँड्समधल्या एका जुन्या लष्करी तळावर स्कॉटलंडचे न्यायालय भरवायचे, न्यायाधीश स्कॉटिश, भूमी तिसऱ्याची. १९९९ मध्ये आरोपी आले, २००१ मध्ये एकाला जन्मठेप झाली, दुसरा सुटला. दुसरा सुटला, म्हणूनच मी त्याला खटला म्हणतो. लिबिया झुकला याचेही कारण उघड आहे: त्याला तेल विकायचे होते, जगात परत यायचे होते. तालिबानला तसे काही नको होते.

भारताने कंदाहारपासून जो धडा घेतला तो मात्र बहुतांशी शिक्षेचा आहे, आणि तिथे माझा मतभेद आहे. २०१६ च्या अपहरणविरोधी कायद्यात, ओलीस किंवा सुरक्षा कर्मचारी मारला गेल्यास फाशी आणि एरवी मरेपर्यंत जन्मठेप आहे. नुसती धमकीही पुरेशी ठरते. युरोपातले देश फाशीची शक्यता असलेल्या ठिकाणी आरोपी पाठवत नाहीत, म्हणजे ज्याला परत आणायचे त्याच्याच वाटेत आपण धोंडा ठेवला. कायदा लागू झाल्यावर त्याखाली पहिली शिक्षा झाली ती ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई-दिल्ली विमानाच्या स्वच्छतागृहात धमकीची चिठ्ठी ठेवल्याच्या आरोपावरून मुंबईच्या एका जव्हेऱ्याला. जन्मठेप आणि पाच कोटींचा दंड. २०२३ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. पुरावा संशयापलीकडे गेला नव्हता. हा कायदा ज्यांच्यासाठी केला ते कंदाहारचे अपहरणकर्ते आपल्या न्यायालयात उभेच राहिले नाहीत. पॅन ॲम ७३ चा अनुभव याबाबत शिकवणारा आहे. हल्लेखोरांना पाकिस्तानात फाशी सुनावली, ती जन्मठेपेत बदलली, आणि कालांतराने ते सुटू लागले. म्होरक्या २००१ मध्ये बाहेर पडला तेव्हा अमेरिकेने त्याला लगेच पकडले आणि आपल्या न्यायालयात १६० वर्षांची शिक्षा दिली. पाकिस्तानने सुनावलेल्या फाशीपेक्षा अमेरिकेची ही चिकाटी जास्त परिणामकारक ठरली. गुन्हेगाराला धास्ती असते ती पकडले जाण्याची. शिक्षेची तीव्रता त्याच्या हिशेबात फार मागे येते.

आजचा धोका आणखी वेगळा आहे, कारण कराराचा राखणदार असलेले राज्यच कधी कधी करार मोडते. मे २०२१ मध्ये अथेन्सहून व्हिल्निअसला निघालेले विमान बेलारूसने बॉम्बच्या खोट्या धमकीने मिन्स्कला उतरवले आणि त्यातल्या पत्रकाराला अटक केली. धमकी बनावट होती असे आयकाओच्या चौकशीने नोंदवले. इथे अपहरणकर्ता आणि उतरायची जागा एकच होती. १९८३ मध्ये सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियाचे प्रवासी विमान पाडून २६९ जणांचा बळी घेतला तेव्हा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो करारात नवे कलम आले: उडत्या नागरी विमानावर शस्त्र वापरू नये. कलम अमलात यायला चौदा वर्षे लागली. तरी १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशियाचे एमएच १७ क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ माणसे मेली. २०२० मध्ये तेहरानवर इराणने युक्रेनचे विमान पाडले, त्यात १७६ गेले. एमएच १७ चा विचार करताना आणखी एक गोष्ट बोचते. युक्रेनने ३२,००० फुटांखालचे आकाश बंद केले होते, विमान ३३,००० वर होते. आकाश बंद करण्याचा हक्क प्रत्येक राज्याला आहे. धोका असताना ते बंद करणे बंधनकारक आहे असे मात्र शिकागो करारात कुठे स्वच्छ लिहिलेले नाही, आणि आकाश उघडे ठेवले की वरून जाणाऱ्या विमानांचे शुल्क मिळत राहते. मे २०२५ मधल्या संघर्षात पाकिस्तानने ड्रोन सोडताना आपले आकाश खुले ठेवून प्रवासी विमानांची ढाल केली, असा आरोप भारताने केला. तो खरा धरला तर त्यावर उपाय नुसती निषेधाची पत्रके काढण्याचा नाही. हे कर्तव्य शब्दांत लिहून घेण्याचा आहे, आणि तसे करायला भारताला आयकाओच्या मंडळात जागा आहे.

राज्यालाच आरोपी करायचे तर न्यायालय कुठले? सुरक्षा परिषदेत एमएच १७ साठी न्यायाधिकरण नेमण्याचा ठराव आला आणि २०१५ मध्ये रशियाने तो नकाराधिकाराने पाडला. डच न्यायालयाने २०२२ मध्ये तिघांना त्यांच्या गैरहजेरीत जन्मठेप दिली. ते तिघे अर्थातच आले नाहीत. ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्सने त्याच वर्षी एक जुना रस्ताही धरला. शिकागो कराराखालचा वाद म्हणून ते रशियाविरुद्ध आयकाओच्या मंडळाकडे गेले. विमाने, हवामान आणि धावपट्ट्यांचे नियम ठरवणाऱ्या तांत्रिक मंडळाला क्षेपणास्त्राने पाडलेल्या विमानाचा निवाडा करण्याचा अधिकार आहे का, हा रशियाचा आक्षेप होता, आणि मंडळाने तो फेटाळला. अशा वादात मंडळाला अधिकार आहे हे पहिल्यांदा ठरले होते ते १९७२ मध्ये, भारत विरुद्ध पाकिस्तान या खटल्यात, ‘गंगा’च्या राखेवरून. भारतानेही तेव्हा मंडळाच्या अधिकारावरच आक्षेप घेतला होता. १२ मे २०२५ रोजी मंडळाने रशियाने शिकागो कराराचा भंग केल्याचे ठरवले. आयकाओच्या इतिहासात असा निर्णय पहिलाच. अकरा वर्षे लागली, आणि रशिया अजून एक रुबलही देणार नाही, हे मला ठाऊक आहे. रशियाने त्याविरुद्ध हेगच्या न्यायालयात अपील केले आहे, म्हणजे भारत गेला होता त्याच दारातून तोही आत गेला आहे. त्या अपिलाच्या कागदपत्रांत पन्नास वर्षांपूर्वी आपण हरलेल्या खटल्याचा हवाला दोन्ही बाजूंना द्यावा लागेल.